बहिणीच्या वाटणीची लेन्स

नावाची रिंग

मनोजच्या लेन्सवर बाजारात चालणारं नाव. नेत्राच्या लेन्सवर कुठल्याशा दुकानाचं. वडिलांनी, केसरीनाथांनी, दोन्ही वापरल्या आणि जाताना एकेक दिली. भावाला चांगली, बहिणीला दुसरी, असं कोन गावात सगळे म्हणतात. नेत्रा म्हणत नाही.

आज शुक्रवार. शेजारचे कापडाचे लूम सुट्टीमुळे बंद, टेबल थरथरत नाही, म्हणून भिवंडीतल्या या खोलीत नेत्रा दुरुस्तीच्या लेन्स आजच्याच दिवशी उघडते. मनोजची बाइकवरून पडली. आत उजेड कमी-जास्त करणाऱ्या पात्यांतलं एक तुटलं.

"तुझ्यातलं काढून लाव," मनोज म्हणाला. "तुझी कचराच हाय."

"वेगळ्या कारखान्याची असली तर बसणार नाही, दादा."

"मग बघ ना."

नंबर

नाव लावणारे वेगळे, बनवणारे वेगळे. मनोजच्या लेन्सवरच्या नंबराचे पहिले दोन आकडे दोन आणि आठ. म्हणजे जपानचा कोमिने कारखाना. नेत्राच्या नंबरावरून काहीच कळत नाही. उघडल्याशिवाय कळणार नाही.

रबर

निघालं, नेत्राच्या लेन्सच्या पकडीवरचं. खाली स्क्रू मनोजच्या लेन्ससारखे, त्याच जागी. आकड्यांचं वळण तेच. फोकस त्याच बाजूला फिरतो.

नेत्रा थांबली. दोन्ही सारख्याच, हे तिला किती वर्षं म्हणायचं होतं. पण सारख्या निघाल्या तर पातं बसेल, आणि पातं दिलं की तिची लेन्स संपली. वेगळी निघाली तर वाचेल. कचरा म्हणून.

दाराशी आई, हौसा, कोळंबी सोलत होती. "गप का झालीस गं?"

पाती

सहा. तिकडे पाच आणि एक तुकडा. आकार तोच, खिळी त्याच ठिकाणी. खोटं बोलता आलं असतं. मनोजला यातलं काही कळत नाही.

"एकाच कारखान्याच्या आहेत."

"म्हणजे माझी पण कचरा?"

हौसा हसली. "बापसानं सारखंच दिलं व्हतं. चांगली-वाईट तुमी केली."

"बरं, मग काढ पातं."

"नाही."

"अगं, खारबावला लग्नाचं शूटिंग हाय माझ्याकडं!"

"मोडलेली तुझी आहे. सुटे भाग तुझ्यातले निघतील, माझ्यातले नाही."

"आये, बघ हिला!"

"बघतंय ना."

माउंट

दोघांचे कॅमेरे वेगळे, म्हणून लेन्सची मागची चकती वेगळी. एकाची दुसऱ्याला लागत नाही. नेत्राने मनोजच्या लेन्सची चकती सोडवली, आपल्या लेन्सच्या मागे धरली. भोकं जुळली.

"तुझी चकती माझ्या लेन्सला लावून देते. लग्नाला ने. झालं की परत आण."

मनोजने लेन्स उलटून समोरून पाहिली. "दुकानाचं नाव दिसतं यार. लोक विचारतील."

"सांग, बहिणीची हाय," हौसा म्हणाली.

मनोजने टेबलावरचा चकतीचा एक स्क्रू बोटाने नेत्राकडे सरकवला.