मधलाही हलतो

सकाळची प्रार्थना होईपर्यंत मी बोलत नाही. हा नेम लग्नाआधीपासूनचा. घरात तो सगळ्यांच्या अंगवळणी पडलाय, पण त्याचा खरा फायदा करून घेतला माझ्या सुनेने. माझ्या मुलाला एकदा सांगत होती, "तुला गणित समजवायला बसलं की तू मध्येच शहाणपण शिकवतोस. आई नुसत्या ऐकतात. त्यांना सांगता सांगता माझी चूक मलाच सापडते."

"तिला बोलायची बंदी आहे म्हणून ऐकते ती," मुलगा म्हणाला. "प्रार्थना झाल्यावर जा, मग कळेल."

तर रोज सकाळी मी प्रार्थनेची जागा पुसत असते आणि ती समोरच्या टेबलाशी विद्यापीठाचा गृहपाठ घेऊन बसते, तोंडाने बोलत बोलत सोडवते. अणूतल्या इलेक्ट्रॉनला ठरलेल्या पायऱ्यांवरच राहता येतं, दोन पायऱ्यांच्या मध्ये कुठेही नाही. वरून खाली उतरला की तेवढ्याच मापाचा उजेड बाहेर पडतो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातलं फडकं हातातच राहिलं. मध्ये कुठेच नाही, तर मग जातो कुठून? प्रार्थना उरकल्या उरकल्या विचारलं.

"आई, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही," ती हसली. "आणि धड सांगणारं मला तरी अजून भेटलं नाही."

संसारात पडल्यावर पुन्हा शिकायला लागलेली पोर. भौतिकशास्त्राचा हाच विषय मागे एकदा राहिला होता. आता प्रकाशाच्या प्रयोगशाळेत एकच जागा रिकामी होती, आणि शिकवणाऱ्या बाईंनी सांगून टाकलं होतं की शेवटचा गृहपाठ बघून ती द्यायची. जागा मिळाली तर शिक्षण पुढे, नाही तर नाव काढून नोकरी बघायची, असं सुनेने स्वतःच ठरवलेलं. आम्ही कोणी तिला काही म्हटलं नव्हतं.

गृहपाठात एकच प्रश्न अडला. हायड्रोजनच्या दिव्यातून एक लाल रेषा निघते, तिची तरंगलांबी काढा, प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्याशी ताडून बघा, फरक आला तर कारण द्या. तिचं उत्तर यायचं सहाशे छप्पन्न पूर्णांक एक एक नॅनोमीटर. मोजलेला आकडा सहाशे छप्पन्न पूर्णांक चार सात. पुन्हा पुन्हा केलं, तेच.

"एवढुशा फरकासाठी डोकं फोडतेस?" मुलगा दात घासत दारात उभा. "मोजणाऱ्याची चूक म्हण आणि मोकळी हो."

"अख्खा वर्ग तेच लिहिणार आहे."

"मग तू काय आभाळातून पडलीस?"

"अरे, मोजणारे इतके चुकत नाहीत. ते दशांशात याच्या पुढचे आणखी आकडे बरोबर देतात." पण बोलता बोलता तिचा आवाज खाली आला. पेन्सिल उचलून ती लिहायला लागली, "मोजण्यातील..."

स्वतःला न पटलेलं ती लिहीत होती, आणि मी तोंड उघडू शकत नव्हते.

तेवढ्यात कपड्यांचं मशीन पिळायला लागलं. आमचं मशीन जुनं. ओली चादर आत एका बाजूला गोळा झाली की ते थडथडत चालायलाच लागतं, म्हणून रोज मी त्याला दोन्ही हातांनी दाबून धरते. मुलगा म्हणतो, आईने रेडा पाळलाय. त्या दिवशी मी आसनावर बसले होते, म्हणून सुनेला हातानेच खुणावलं. ती वैतागून उठली, मशीनवर ओणवी झाली.

"केवढं हे धूड, आणि एका चादरीपायी..." ती म्हणाली.

मी वळून बघितलं. तिने मशीन सोडून दिलं होतं आणि ते कसं हलतंय ते बघत उभी होती.

"अगं धर की! रेडा सुटला!" मुलगा ओरडला.

"सुटू दे!" ती टेबलाकडे धावली. "आई, मी अणूच्या मधला जड प्रोटॉन खिळा ठोकल्यासारखा धरला होता. इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती फिरतो आणि तो ढिम्म! पण चादर फिरली की मशीनही फिरतं, उलट्या बाजूला, थोडंसं. मधलाही हलतो! जितका जड, तितका कमी. माझा फरक तिथलाच!"

तिने आपल्या उत्तराला त्या एवढुशा फरकाने भागलं. अठराशेच्या वर काहीतरी आलं. मग पुस्तक उघडून बोट ठेवलं: प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा अठराशे छत्तीस पट जड.

मशीन दाराला टेकून थांबलं होतं. कुठे तराजू नाही, वजनं नाहीत, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूचं वजन लाल उजेडाच्या एका रेषेने इमानाने सांगून ठेवलेलं.

मी प्रार्थनेला लागले, पण शब्द अडायला लागले. आयुष्यभर मी देवाला मध्ये अचल मानत आले. आपण हलके जीव, आपण फिरायचं. आपल्या फिरण्याने तोही तसूभर हलत असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. त्या दिवशी प्रार्थना संपायला उशीर झाला.

गृहपाठ वाचून बाईंनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. "तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहा," म्हणून ती मलाही घेऊन गेली. काळे पडदे, लांबोडं टेबल, त्यावर दुर्बिणीसारखी नळी. बाईंनी साध्या हायड्रोजनची लाल रेषा तिला दाखवली आणि दिवा बंद केला.

"लिहिलंयस छान. पण छान लिहिणारे पुष्कळ भेटतात," त्या म्हणाल्या. "आता या दिव्यात साध्याबरोबर जड हायड्रोजनही आहे. त्याचा मधला दुप्पट जड. रेषा कुठे येईल?"

"दुप्पट जड, म्हणजे निम्माच हलेल. रेषा त्या फरकाच्या निम्मी मागे सरकेल, निळ्याच्या बाजूला."

"मग दिवा लावायच्या आधी नळीतली खुणेची तार त्या जागी आणून ठेव."

"चुकलं तर?"

"तर तार अंधारात राहील. मग आपण दोघी काय ते समजू."

सुनेने कागदावर आकडा केला, पुन्हा तपासला, आणि स्क्रू फिरवायला लागली. मी मनात नाम धरलं. बाईंनी दिवा लावला. सून नळीला डोळा लावून वाकली आणि तशीच राहिली. बाईंनी तिला हळूच बाजूला केलं, स्वतः बघितलं.

"सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या. "येताना गरम कपडा आण, इथे थंडी असते."

मग सुनेने मला पुढे केलं. सुरुवातीला नुसता काळोख. मग त्यात एक लाल रेषा, आणि तिला लागूनच, केसभर जागा सोडून, दुसरी. त्या दुसरीवर, बरोबर तिच्याच अंगावर, सुनेने अंधारात लावून ठेवलेली काळी तार. सोमवार, नोकरी, काहीच मनात उरलं नाही. श्वास घेतला तर त्या रेषा विझतील असं वाटत होतं.

"ताई, सरका ना जरा," मागून बाईंचा आवाज आला. "मलाही परत एकदा बघायचंय."