रेघेवरचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. माझ्या माथ्यावर छिन्नीने कोरलेली एक फुली आहे आणि त्या फुलीमुळे दोन घरे पडली.

पो नदीच्या सपाटीवर, रोमन सैन्यातून निवृत्त झालेल्या शिपायांसाठी नवे नगर वसवायचे होते. मोजणीदाराने मला मधोमध पुरले, माझ्यावर आपला ओळंब्यांचा दांडा उभा केला आणि फुलीच्या दिशेने दोन सरळ रस्ते आखले. एका रेघेत एका मासेमाराची झोपडी आली. मासेमार मोजणीदाराच्या पाया पडला. "रेघ वाकत नाही," एवढेच मोजणीदार म्हणाला. संध्याकाळी झोपडीच्या जागी खडी पडली होती.

ते राज्य गेले, पण त्याची आखणी राहिली. नगराच्या उंच भागात आजही लोक त्याच रेघांवरून पाव आणायला जातात. माझ्या सखल भागात मात्र पुराचा गाळ साचला, रस्ते बुजले, मीही गाडला गेलो आणि वर घरे वाटेल तशी उभी राहिली. अनेक शतकांनी फियोरेन्झो नावाच्या गाडीवानाला घोडेबाजाराच्या मैदानात हौद खणताना मी सापडलो. वळणाऱ्या गाड्यांची चाके त्याच्या घराची भिंत खरवडत असत. त्याने मला बैल जुंपून ओढत नेले आणि सपाट बाजू रस्त्याकडे करून घराच्या कोपऱ्याशी रोवले. पुढे साठ वर्षे मी चाकांचे धक्के खाल्ले आणि ती भिंत राखली. माझ्या आयुष्यातले ते एकमेव चांगले काम.

मग सरकारला रोमचे वेड लागले. प्राचीन रस्ता पुन्हा सरळ करण्यासाठी अभियंता तेबाल्दी आला. माझी फुली पाहताच त्याने टोपी काढली आणि माझ्यावरच दुर्बिणीची तिपाई मांडली. रेघ थेट घरात शिरली.

त्या घरात फियोरेन्झोची नात झेलिंदा एकटीच राहत असे. खुर्च्यांच्या गवती बैठका विणून ती पोट भरी. हातातले गवत खाली न ठेवता ती बाहेर आली.

"साहेब, हा दगड इथला नाही. माझ्या आजोबांनी घोडेबाजारातून आणून बसवलाय. तुमचा रस्ता तिकडे असेल, त्या मोकळ्या मैदानात."

"आजीबाई, रोमन लोकांपेक्षा तुमचे आजोबा शहाणे होते का?"

"शहाणे कुठले? पण बैल होते त्यांच्याकडे."

जमलेले लोक हसले. तेबाल्दी हसला नाही. त्याने वही मिटली आणि म्हणाला, "रेघ वाकत नाही."

मला त्या वेळी वाचा नव्हती. मी राखलेली भिंत माझ्यादेखत पाडली गेली. झेलिंदाला कालव्याकाठी एक ओलसर खोली मिळाली. तिथे गवत कुजे, म्हणून विणकाम सुटले.

वर्षभराने नळ टाकताना मजुरांना घोडेबाजाराखाली फरसबंदी लागली. चाकांच्या खोल चाकोऱ्या असलेला तो खरा रोमन रस्ता होता. तेबाल्दी पाहायला आला. खड्ड्याच्या काठावरूनच त्याने माती लोटायला सांगितली. नव्या रस्त्याच्या उद्घाटनाची पत्रिका तोवर छापून झाली होती.

आता मी त्या रस्त्याच्या मधोमध कठड्यात उभा आहे. एकदा झेलिंदा कठड्याखालून वाकून आली आणि माझ्यावर बसली. शिपायाने तिला दंडाला धरून उठवले.

"उठा आजी. प्राचीन ठेवा आहे हा, हात लावायचा नाही."

"माझ्या घराचा कोपरा आहे रे," ती म्हणाली. ती पुन्हा आली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगण्याचा मला हक्क नाही. मला फार जपतात. दर शनिवारी कुंचल्याने माझी फुली साफ केली जाते. माझे मागणे एवढेच आहे. जुन्या दगडावरून रेघ ओढण्याआधी शेजारच्या दाराची कडी वाजवा आणि दगड कुठून आला ते विचारा. आत कोणीतरी असते. झेलिंदाने तर न विचारताच सांगितले होते.