माझ्या पोटातले सुईचे टोक

मित्रांनो, भोरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत बाजी मिस्त्रीचे गॅरेज आहे. तिथल्या फळीवर पत्र्याचा एक डबा आहे आणि त्या डब्यात गंजक्या बोल्टांच्या सोबतीला मी पडून आहे. मी एका मोटारसायकलचा जुना कार्बोरेटर. नाव भारदस्त असले तरी ओंजळीत मावतो. माझी हकीकत ऐकायला इथे कोणाला सवड नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो. ती सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

माझा जन्म कारखान्यात झाला. वितळलेला पांढरा धातू साच्यात ओतून माझे अंग घडवले आणि मग त्यात बारीक बारीक वाटा कोरल्या. नुसते पेट्रोल ओतून इंजिन चालत नाही. ते बेताने घ्यायचे, हवेत मिसळायचे आणि इंजिनाला घासाघासाने भरवायचे, हे माझे काम. गाडी पळत असते तेव्हा पेट्रोल मोठ्या वाटेने जाते आणि गाडी जागेवर उभी राहून धुगधुगत असते तेव्हा एका अगदी बारीक वाटेने. ही बारीक वाट ध्यानात ठेवा. माझे सारे दुर्दैव तिथेच घडले.

माझे पहिले मालक सावळाराम गुरुजी. ते भोरला राहत आणि आंबवड्याच्या शाळेत शिकवायला जात. फार टापटिपीचा माणूस! बाजीकडे वेळच्या वेळी गाडी नेत, तो मला उघडून धुई, हवा मारी आणि परत बसवी. दसऱ्याला गाडीची पूजा होई. टाकीला हार, हँडलला कुंकू, चाकाखाली लिंबू. मला मात्र कधी झेंडूची पाकळीसुद्धा मिळाली नाही. मी ते मनाला लावून घेतले नाही, असे म्हणणार होतो. पण घेतले होते. तरीही ती वर्षे चांगली गेली. पुढे गुरुजींनी नवी गाडी घेतली. नव्या गाड्यांना कार्बोरेटर लागतच नाही म्हणे. माझ्यासकट जुनी गाडी त्यांनी हनुमंताला विकली.

हनुमंत म्हशीवाला धनगर. वेल्ह्याच्या डोंगरात वरच्या अंगाला त्यांची वस्ती होती. बाकीची घरे एकेक करून खाली उतरली होती. वर राहिला होता फक्त हनुमंत, त्याची बायको सुलक्षणा, म्हातारी आई चंद्राबाई आणि त्यांच्या म्हशी. रोज सकाळी हनुमंत गाडीला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन बांधी आणि कच्च्या वाटेने खाली डांबरी रस्त्यावर येई. तिथे वळणावर डेअरीचा टेम्पो येत असे. टेम्पो कोणासाठी थांबत नसे.

हनुमंताचा धाकटा भाऊ धनाजी उत्रोलीला घर बांधून राहिला होता. तो वर आला की त्याचे एकच पालुपद असे, "दादा, लई झालं आता. आयेला घिऊन खाली या." चंद्राबाईला ते मुळीच पसंत नव्हते. तिचा जन्म त्या डोंगरात गेला होता. खाली चार दिवस काढले तरी तिला अन्न गोड लागत नसे. मग हनुमंत भावाला सांगे, "गाडी चालतीया तवर दूध खाली जातंय. आन दूध जातंय तवर आमी वर हाय."

म्हणजे पाहा, त्या घराचे वर राहणे गाडीवर होते आणि गाडीचे चालणे माझ्यावर. हे मला कोणी सांगितले नव्हते, पण मला कळत होते. चढावर माझा आवाज ऐकला की चंद्राबाई सुनेला म्हणे, "च्या ठिव गं, आलं बग आपलं फटफटं." हार मिळाला नाही, पण हे मिळाले. मी खूश होतो.

पण मित्रांनो, नुसत्या कौतुकाने कोणाचे पोट साफ होत नाही. खालच्या गावातल्या दुकानात पाण्याच्या बाटल्यांत भरलेले पेट्रोल मिळे. त्यात धूळ असे, कधी पाणीही असे. तेच माझ्या पोटात जाई. पावसाळ्यात वाट चिखलाने बंद झाली की गाडी महिनोन्‌महिने गोठ्यात उभी राही आणि दुधाचा खवा घरातच आटवून पायी खाली नेला जाई. आत राहिलेले पेट्रोल काढून टाकावे, हे कोणाला माहीतच नव्हते. ते सुकून चिकट होई आणि माझ्या बारीक वाटेच्या भिंतींना धरून बसे. दरसाल वाट थोडी आणखी अरुंद होई. मी खोकलो, अडखळलो, पण मला विचारणार कोण?

गेल्या दिवाळीच्या सुमारास हनुमंताने गाडी बाहेर काढली. किक मारून मारून त्याचा पाय दुखला, तेव्हा कुठे ती सुरू झाली. मूठ सोडली की लगेच बंद. उतारावर इंजिन असे बंद पडायला लागले तर भरल्या कॅनांनिशी गाडी दरीत जायची.

"कारबेटरात कचरा आलाय," हनुमंत म्हणाला. गॅरेजवाल्यांकडून ऐकलेला शब्द होता तो. माझ्यात काहीही बिघडले तरी ते कचराच म्हणतात. त्याने मला खोलून ओट्यावर आणले, पेट्रोलने धुतले, तोंडाने फुंकर मारली. वाट मोकळी होईना. चंद्राबाई शेजारी गोधडी शिवत बसली होती. तिने विचारले, "कचरा म्हंजी काय रं?"

"काय तरी बारीक अडाकलंय आत. दिसत न्हाई."

"मंग आण हिकडं. म्या काढते."

मित्रांनो, हे तिचे म्हणणे वाऱ्यावरचे नव्हते. रानातून गुरांमागे फिरणाऱ्यांच्या पायात काटे मोडतात आणि त्या साऱ्या डोंगरात काटा काढावा तर चंद्राबाईनेच, अशी तिची ख्याती होती. रडणारी पोरे तिच्या मांडीवर पाय टाकत आणि काटा कधी निघाला ते त्यांना कळतही नसे. हनुमंत हसला. "आये, ती गाडी हाय. पाय न्हवं."

"अडाकलेलं काढायचं, मंग पाय काय आन गाडी काय!"

तिने मला मांडीवर घेतले. उन्हाकडे तोंड करून अंगठ्याने माझी बारीक वाट चाचपली आणि गोधडीची सुई अलगद आत सरकवली. खरे सांगतो, इतक्या मायेने मला कधी कोणी धरले नव्हते. सुई घाणीला जाऊन टेकली. मग काटा उचकटताना करतात तशी तिने ती जरा तिरकी केली. पायाचे मांस अशा वेळी बाजूला होते. माझ्यात मांस नाही. कट्‌ असा आवाज झाला आणि सुईचे टोक माझ्या पोटात राहिले.

चंद्राबाईने हातातली तोकडी सुई पाहिली. उठली, बांधावरच्या रुईचे पान तोडून आणले आणि त्याचा पांढरा चीक माझ्या भोकात पिळला. चिकाने काटा वर येतो, हे तिने आयुष्यभर पाहिले होते. दुपारभर ती माझ्याजवळ बसून राहिली, मधूनमधून वाकून पाहत राहिली. टोक वर आले नाही. चीक मात्र वाळून आत घट्ट बसला.

दुसऱ्या दिवशी हनुमंताने मला टॉवेलात गुंडाळले आणि एसटीने भोरला आणले. बाजीने मला लगेच ओळखले. आत डोकावून तो ओरडला, "आरं, ही सुई कुनी खुपसली?"

"म्याच," हनुमंत म्हणाला.

"धन्य हाय तुमची!"

बाजीने पुष्कळ खटपट केली. मला पेट्रोलात भिजत घातले. उलट्या बाजूने हवेचा दाब दिला. लोहचुंबक लावून पाहिले, आच देऊन पाहिले. चीक निघाला, टोक हलेना. मी सगळे सोसत होतो, कारण वर दूध नासत असणार हे मला ठाऊक होते. हनुमंत तर मिनिटामिनिटाला म्हणत होता, "बाजीशेठ, जरा बिगी बिगी करा. माजी समदी वस्ती खोळंबलीया."

शेवटी बाजीने बारीक ड्रिल घेतले. सुईचे पोलाद कडक आणि माझे अंग मऊ. ड्रिल सुईवरून घसरले आणि माझ्या अंगात घुसले. असे पुन्हा पुन्हा झाले. मग टोक टपकन खाली पडले. हनुमंताचा चेहरा असा खुलला की क्षणभर मीही दुखणे विसरलो. बाजीने मला उजेडाकडे धरले आणि ड्रिल बाजूला ठेवले.

"सुई निघाली, हनुमंतराव. पन वाट फुटली. आता ह्यो कामाचा न्हाई."

तसला दुसरा कार्बोरेटर भोरमध्ये कुठेच मिळेना. बाजीने पुण्याहून मागवला, तर दुसऱ्याच गाडीचा आला. तो परत पाठवला. दिवस जात राहिले. हनुमंत गॅरेजात येई तेव्हा मी डब्यातून ऐके. तो कॅन खांद्यावर घेऊन उतरत होता. पोहोचेपर्यंत टेम्पो निघून गेलेला असे. पावसाळ्यातल्यासारखा खवा आटवत बसावे, तर साठवलेले जळण पावसाळ्यातच संपले होते. एकदा पाय घसरून तो पडला आणि त्याचा गुडघा सुजला. त्यानंतर तो बरेच दिवस आला नाही.

थंडी सरता सरता योग्य कार्बोरेटर आला. तो न्यायला हनुमंत लंगडत आला आणि बरोबर चंद्राबाई होती. मी तिला ओळखलेच नाही, इतकी ती खंगली होती.

"म्हशी काय म्हंत्यात?" बाजीने विचारले.

"इकल्या," हनुमंत म्हणाला. "धनाजीकडं हाय आता आमी, उत्रोलीला. कंपनीत काम बगतोय, जायला-यायला गाडी लागंल."

"आन वर कोन हाय?"

"कोन न्हाई. दार वडून घेतलं."

मन हलके करावे म्हणून बाजी म्हणाला, "आजी, तुमच्या लेकानं सुई खुपसायची हुशारी केली नसती, तर काय बी झालं नसतं बगा."

हनुमंत मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माजं."

"त्यानं न्हाई," चंद्राबाई म्हणाली. "म्या."

तिने मला पाहायला मागितले. बाजीने डब्यातून काढून मला तिच्या मांडीवर ठेवले. तिने पदराने मला पुसले आणि अंगठ्याने ती बारीक वाट शोधू लागली. सापडले ते ड्रिलने पाडलेले वेडेवाकडे भगदाड. अंगठा तिथे थांबला.

"येवडं मोठं भोक म्या पाडलं?"

बाजीने तोंड उघडले होते. तेवढ्यात बाहेरून कोणी हाक मारली. "जुना झाला हुता, आजी," एवढेच पुटपुटून तो निघून गेला. हनुमंत पाठ फिरवून नवा कार्बोरेटर टॉवेलात गुंडाळत होता.

"समद्यास्नी म्या खाली उतरवलं," चंद्राबाई स्वतःशीच म्हणाली. मला फळीवर ठेवून ती उठली आणि लेकाच्या खांद्याला धरून गल्लीतून निघून गेली. मी ओरडलो असतो, पण माझे तोंड हवा ओढण्यापुरतेच आहे.

मित्रांनो, गाडी बरेच दिवस उभी ठेवणार असाल, तर माझ्या भाऊबंदांच्या पोटातले पेट्रोल आधी काढून टाका. बाटलीतले पेट्रोल फडक्यातून गाळून घाला. आत काही अडकले तर हाताला येईल ते खुपसू नका. असे सांगणे हा माझा धर्मच आहे. पण माझे खरे मागणे निराळे आहे, आणि भंगारवाला येण्याआधी मला ते सांगायचे आहे. कधी उत्रोलीला गेलात तर धनाजीच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी दिसेल. तिच्यापाशी जरा बसा. सुई तिची होती, हे तिच्यापासून लपवू नका. तिची नव्हती म्हणालात, तर ती ऐकणार नाही. पण माझी वाट कित्येक पावसाळे बुजत आली होती, हे सांगा. तिचा हात हलका होता आणि मला जराही दुखले नाही, हेही सांगा. आणि ते भोक तिने पाडलेले नाही.