भरलेली परत येणारी बाटली

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची बाटली आहे, स्टीलची, अंगभर पोचे पडलेली. पावर हाउस नावाच्या वस्तीतल्या बाजारातून कलावतीबाईंनी मला नवऱ्यासाठी आणलं. त्यांचे यजमान देवराव भिलाईतल्या एका कारखान्यात क्रेन चालवतात. छताखालच्या उंच केबिनमध्ये मी त्यांच्या पायाशी असायची आणि दुपारपर्यंत रिकामी व्हायची. माझ्यामुळेच उन्हाळा निभतो, असं ते सगळ्यांना सांगत. मला अभिमान वाटे.

मग त्यांना सारखी लघवी लागू लागली. जाऊन आले की लगेच पुन्हा. केबिनची लोखंडी शिडी उतरेपर्यंत जीव कासावीस व्हायचा, आणि होई ती चार थेंब. त्यांनी पाणी पिणंच तोडलं. मी भरलेली जाई, भरलेली परत येई. चहा मात्र चालूच. तरी त्यांचे पाय सारखे हलत, बूड खुर्चीवर टिकत नसे, नजर शिडीकडे.

एकदा क्रेनच्या हुकाला जड पत्रे लटकत असताना लघवीची कळ आली. घाईत हात चुकला, पत्रे झोकांडले आणि खाली उभा असलेला कामगार चंपत कसाबसा बाजूला झाला.

घरी कलावतीबाईंनी मला उचललं.

"पाणी कावून नाही पिऊन राहिले तुमी?"

देवराव बसत, उठत, पुन्हा बसत. शेवटी म्हणाले, "मले सारखी लघवी लागते. आज चंपत मेला असता माह्या हातानं."

त्या रागावल्या नाहीत. सकाळी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. तपासणीत साखर नव्हती, जंतूही नव्हते. पाणी तोडल्यानं लघवी दाट होते आणि लघवीच्या पिशवीला आणखी चिथावते, असं डॉक्टरांनी समजावलं. वर सांगितलं, चहा कमी करा, पाणी दिवसभर घोटघोट प्या. कळ आली की धावू नका. बसा, लघवी अडवायचे स्नायू आवळा, सोडा, कळ ओसरली की सावकाश जा.

देवरावांनी साहेबांना खरं सांगून काही आठवडे खालचं काम मागून घेतलं. सुरुवातीला फजितीही झाली. पण हळूहळू जमलं, आणि आम्ही पुन्हा वर गेलो. परवा ओझं लटकत असताना कळ आली. पाय हलू लागले. ते थांबले, श्वास घेतला, ओझं अलगद जमिनीवर टेकवलं आणि मगच शिडीकडे वळले.

मित्रांनो, सारखी लागत असेल तर पाणी तोडू नका, घरी सांगा. माझं तोंड घट्ट बंद असलेलं बरं, तुमचं नको.