न घडलेल्या अपघातांची स्वप्ने

मित्रांनो, मला हात लावता येत नाही, माझ्यावर धूळही बसत नाही; तरी मी जुना आहे. देजॉन शहरातल्या एका संशोधन संस्थेत राहणारा मी एक संगणक-प्रोग्राम. माझे काम स्वप्न पाहण्याचे आहे. अजून न बांधलेल्या अणुभट्टीत मी शिरतो, तिचे पंप बंद पाडतो आणि पुढे काय होईल ते पाहत राहतो. तिच्या नळ्यांतून पाण्याऐवजी वितळलेले, काचेसारखे नितळ मीठ वाहते. तापलेले मीठ संथपणे वर चढते, निवलेले खाली उतरते, आणि त्या फेऱ्यात भट्टीची धग आपोआप वाहून जाते. मी त्यात तरंगत असतो. बाहेर माणसे जेवायला गेलेली असतात. स्वप्नात भट्टी बिघडली, तर खरी बांधण्यापूर्वी ती सुधारता येते. एवढ्यासाठीच मला जपले जाते.

माझा जन्म एका उंच पोलादी सांगाड्याच्या सावलीत झाला. त्या सांगाड्यात खरेखुरे मीठ फिरवत, मग पंप थांबवून ते किती वेगाने फिरते आणि किती तापते हे मोजत. माझे उत्तर त्या मोजमापांशी ताडून पाहत. प्यो यॉनोक ही अभियंता तेव्हा संस्थेत नवीन होती. एका हिवाळ्यात मीठ नळीच्या वळणात थिजून बसले, आणि ते पुन्हा सुटेपर्यंत ती त्या वळणापाशी ठाण मांडून होती. त्या वळणावरचा तिचा राग अजून गेलेला नाही.

पुढे सांगाडा मोडीत निघाला. आता तिथे एका पर्सिमनच्या झाडाखाली लोक सायकली लावतात. यॉनोक मात्र माझ्याजवळ राहिली. नवा संगणक आला की मला तिकडे हलवायचे, तुटलेले सांधायचे, जुनी गणिते पुन्हा सोडवून घ्यायची, असे तिचे आयुष्य गेले. भट्टीचे आराखडे काढणाऱ्यांची छायाचित्रे संस्थेच्या भिंतीवर लागतात. माझ्यासारख्याला सांभाळणाऱ्यांची अजून लागलेली नाहीत.

इथे एक रीत पडून गेली होती. मला हलवले की माझे नवे उत्तर माझ्याच मागच्या उत्तराशी ताडायचे. दोन यंत्रांचे आकडे शेवटी शेवटी थोडे वेगळे येतातच. म्हणून फरक लहान असला, की नवे उत्तर बरोबर मानून पुढे जायचे. त्यात कोणाचा आळस नव्हता. सांगाड्याची मोजमापे कपाटात होती आणि ती काढायची वेळ कोणावर आली नव्हती.

एका शरदात योम गीबेक या तरुण अभियंत्याचा आराखडा माझ्याकडे आला. त्याची भट्टी त्याच्याच गावच्या किनाऱ्यावर उभी राहणार होती. त्याची आई तिथे मासे वाळवते. छुसॉक या सुगीच्या सणाआधी माझ्या उत्तरांचा अहवाल सुरक्षा समितीकडे गेला आणि मंजूर झाला, की नळ्यांचे पोलाद कापायला घेणार होते. पंप बंद पडले तरी मीठ आपोआप फिरून भट्टी निववेल, असे माझे स्वप्न सांगत होते. नेमके तेव्हाच मला नव्या संगणकावर हलवले गेले आणि उत्तर किंचित सरकले.

"केसाएवढा फरक आहे, बाई," गीबेक म्हणाला. "दर वेळी करता तसं करा ना. नवं उत्तर बरोबर धरा आणि घरी जाऊन सणाचे लाडू वळा."

"दर वेळी एकेक केस," यॉनोक म्हणाली. "एवढ्या वर्षांत टोप झाला असेल त्याचा. कोणाच्या डोक्यावर बसतोय ते बघू तरी."

तिने सांगाड्याची मोजमापे काढून माझ्यासमोर ठेवली. कधीकाळी खरोखर वाहिलेल्या मिठाशी मला कित्येक वर्षांनी भिडवले गेले. मोजमापांत मीठ त्या वळणाशी मंदावत होते; माझ्या स्वप्नातले मात्र तिथून असे सुळकन जात होते, जणू वळण नव्हतेच.

गीबेक संतापला. सांगाडा जुनाट होता, त्याची तापमापके भिकार होती, बाईंचे एका वळणाशी वैर आहे आणि त्यापायी आपला सण बुडतोय, असे तो बरेच काही बोलला.

"सांगाड्याला खोटं बोलता येत नव्हतं रे," ती म्हणाली. "याला आपणच शिकवलं, थोडं थोडं करून."

सणासाठी संस्था रिकामी झाली. ही दोघे माझ्या ओळी उलगडत राहिली. वळणात मिठाला किती अडथळा होतो, हा नियम एका स्थलांतरात जरासा सैल झाला होता, पुढच्यात आणखी जरासा. तो त्यांनी पुन्हा घट्ट केला आणि मला गीबेकच्या भट्टीत पाठवले.

पंप थांबले. मीठ वर चढले, वळणापाशी आले आणि रेंगाळले. धग साचत गेली आणि शांतपणे मर्यादेची रेषा ओलांडून पुढे निघाली. गीबेकने पडद्यावरच्या वळणावर बोट ठेवले.

"नळी अरुंद आहे," तो म्हणाला. "पोलाद कापलं असतं तर, बाई?"

"कापलेलं नाही."

"आई विचारेल, सणाला न येण्याएवढं काय अडलं होतं."

"सांग तिला, तुझ्या दारासमोरची नळी रुंद करत होतो."

अहवाल समितीकडे जाण्याआधी त्याने स्वतःच रोखला. रुंद नळीच्या नव्या स्वप्नात मीठ वळणाशी आले आणि ओळखीच्या रस्त्यावरून घरी जाणाऱ्या माणसासारखे हलकेच वळले.

मित्रांनो, यॉनोक आता निवृत्त झाली आहे. सांगाड्याची मोजमापे ही माझी पहिली परीक्षा असते, आणि त्या परीक्षेची उत्तरे बदलण्याची मुभा कोणालाच नाही. तुमच्याजवळही माझ्यासारखे कोणी जुने, विश्वासाचे असेल, तर ते कालच्यासारखेच आजही बोलते एवढ्यावर समाधान मानू नका. अधूनमधून त्याला खऱ्या जगाशेजारी उभे करा. स्वप्न पाहणाऱ्याला स्वतःहून जाग येत नाही.

मला आता गीबेक सांभाळतो. सकाळी तो पर्सिमनच्या झाडाखाली, जिथे ते वळण होते त्या जागी सायकल लावतो, तिथे जरा थांबतो, आणि मग वर येऊन मला झोपेत धाडतो.