माझ्या समक्ष नष्ट केलेली वही

आमच्या शाळेत कागद जन्माला येतो तो जुळाच. मी धम्मदीप, इथला बाबू. एका अर्जाच्या तीन झेरॉक्स काढल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. त्यामुळे रेकॉर्ड स्कॅन करा, एकेकच प्रत ठेवा, दुबार नष्ट करा, असा आदेश वरून आला आणि ते काम मलाच मिळालं, तेव्हा चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या गेल्या.

कपाटात १९४१ ते ४९ची मुलांच्या दाखल्यांची नोंदवही दोनदा निघाली. एक वाळवीने खाल्लेली, शाई उडालेली. दुसरी टपोऱ्या अक्षरातली, साठ साली कुण्या गुरुजींनी उतरवून काढलेली. दोन्ही ताडून पाहाव्यात एवढी अक्कल असती तर मी बाबू कशाला झालो असतो? फाटक्या वहीवर लाल शाईने लिहिलं, 'दुबार, नष्ट करा.'

"बाबू, फाटकी असली तरी पहिली तेच हाय," शिपाई भैयाजी म्हणाले.

"रेकॉर्ड तुमाले समजते का मले?"

नष्ट केलेल्या दुबार कागदांची यादी मी चार प्रतींत केली आणि खाली सही ठोकली, 'माझ्या समक्ष नष्ट केले.' नष्ट होत होते तेव्हा मी चौकात तर्रीपोहे खात होतो.

तीन महिन्यांनी एकोडीच्या मालनबाई आल्या, सोबत नात रीना. रीनाचा नर्सिंगला नंबर लागला होता, पण दहा दिवसांत जात पडताळणी झाली नाही तर जागा जाणार होती. त्यासाठी मालनबाईंच्या सासऱ्यांची, चिंधूंची, शाळेतली नोंद हवी होती. मी ऐटीत टपोरी वही उघडली. चिंधू, दाखल १९४४, जात बौद्ध.

रीना वाकून पाहत होती. "काका, चव्वेचाळीसमध्ये बौद्ध कसे? दीक्षा तर छप्पनची. समितीले पन्नासच्या आधीची जुनी जात पाहिजे."

मी पानं उलटली. आमच्या वस्तीतल्या प्रत्येक मुलापुढे गुरुजींनी बौद्ध लिहिलं होतं. नवी दीक्षा, नवी वही. त्यांचा हात थांबला नसेल. माझा ऊर भरून आला आणि लगेच माझी लाल शाई आठवली. खरी नोंद मी सही करून संपवली होती. या पोरीचं वर्ष मी खाल्लं होतं. मालनबाईंकडे मला पाहवेना.

"भैयाजी, रद्दी कोठी गेली?"

"वरठीच्या भंगारवाल्यानं नेली."

"ते फाटकी वही बी?"

भैयाजींनी कान खाजवला. "तुमची मान दुखून राहिली होती ना बाबू. कॉम्प्युटर उंच करा म्हणे तुमी. मंग तेच देली खाली."

तीन महिने त्या वहीवर कॉम्प्युटर ठेवून मी तिची नक्कल स्कॅन करत होतो. वही काढली. चिंधूंची ओळ अर्धी कुरतडलेली होती, पण जात वाचता येत होती.

आता उतारा द्यायचा तर वही नष्ट केल्याचं माझं प्रमाणपत्र खोटं होतं असं आधी लिहून द्यावं लागणार. माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. 'नोंद आढळत नाही' हा कागद तर माझ्याकडे छापूनच तयार असतो. त्या कागदाकडे माझा हात गेलासुद्धा. रीना ओढणीच्या टोकाने वहीची धूळ पुसत होती. मग मी कोरा कागद घेतला.

लिहून होईपर्यंत मालनबाई टपोऱ्या वहीतल्या सासऱ्यांच्या नावावर बोट ठेवून बसल्या होत्या.

"आता हे भंगारात जाईन का, बाबू?"

"नियमानं हेच दुबार."

"आमचे मामाजी पायी गेले होते नागपूरले, दीक्षेले. गुरुजीनं लिवलं ते बी खरंच हाय. दोनी ठेवजा."

दोन्ही वह्यांवर मी लाल शाईने 'मूळ' लिहिलं.

रीना आता भंडाऱ्याला नर्सिंग शिकते आहे. मला नोटीस आली आहे. खोटी सही का केली, आणि एकाच वहीच्या दोन मूळ प्रती कशा, याचा खुलासा चार प्रतींत मागितला आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत झालं. दुसऱ्यासाठी दोन्ही वह्या पहिल्यांदाच पानन् पान वाचतो आहे.