सर्वांत लहान दिवसाची अंघोळ

पालक आणि डॉक्टरांच्या बैठकीत मोरिवाकी तेत्सुरो नेहमी पहिल्या रांगेत बसायचा. जानेवारीतल्या त्या रविवारी तो तिसऱ्या रांगेत, खांबाच्या आडोशाला जाऊन बसला.

"इथे का?" त्याची बायको कानाए म्हणाली. "इथून सेन्सेई दिसतसुद्धा नाहीत."

"पुढे हीटरची झळ लागते."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ती शेजारी बसली. हॉलच्या मागच्या भागात गाद्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर मुलं खेळत होती. त्यांची सहा वर्षांची मिओरीही तिथेच होती. ती बसल्या बसल्या एका बाजूला कलत होती, आणि एक कॉलेजची मुलगी तिला हळूच सरळ करत होती. महिन्याभरापूर्वी मिओरी याच गाद्यांवर पळत होती.

इथल्या सगळ्या मुलांचा आजार एकच. एका जनुकातल्या बारीकशा बिघाडामुळे तान्हेपणीच सुरू झालेला अपस्मार. ताप आला, उकडलं, अंग तापलं की फिट येते, आणि कधी कधी ती थांबतच नाही. अख्ख्या नागानो प्रांतात अशी मुलं मोजकीच. त्यामुळे इथे सगळे सगळ्यांना ओळखत, आणि एकमेकांची थट्टाही करत.

"अंघोळवाले आज लपून बसलेत," निनोमिया-सान मागे वळून म्हणाल्या. त्यांचा मुलगा सोसुके चार वर्षांचा होता. "काय हो, नवीन पत्रक काढायचं राहिलंय वाटतं?"

दोघेतिघे हसले. तेत्सुरोही हसला.

हे नाव त्याला नर्सांनी ठेवलं होतं. मिओरी वर्षाची असताना तिला टबात दोनदा फिट आली, तेव्हा इथले डॉक्टर उसामी-सेन्सेई म्हणाले होते, योगायोग असेल. मुलांच्या मेंदूविकारात त्यांचं नाव मोठं होतं, पण त्यांनी वाचलेल्या कुठल्या पुस्तकात हे नव्हतं. तेत्सुरोने मग एकेका घरी फोन लावला. विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करणारा माणूस तो, प्रश्न कसे विचारायचे हे त्याला ठाऊक होतं. जवळजवळ प्रत्येक घरातून तेच उत्तर आलं : टबात, किंवा टबातून काढल्या काढल्या. सेन्सेईंनी ते सगळं ऐकून घेतलं, पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर "माझं चुकलं" म्हणाले, आणि तेव्हापासून इथली रीतच पडली. डॉक्टर मांडायचे, पालक दुरुस्त करायचे. पालकांनी घरी जे पाहिलं ते पुरावा म्हणून धरलं जायचं. अंघोळीचं पत्रक तेत्सुरोने लिहिलं. पाणी कोमट ठेवा, कोणी काहीही म्हटलं तरी कोमटच ठेवा, असं त्यात ठळक अक्षरांत होतं.

हे 'कोणी काहीही म्हटलं तरी' त्याने स्वतःच्या वडिलांना उद्देशून लिहिलं होतं.

डिसेंबरात वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी तो मिओरीला घेऊन वडिलांकडे गेला होता. कानाएची दातांच्या दवाखान्यात ड्यूटी होती. म्हाताऱ्याने टब भरून त्यात युझूची लिंबासारखी पिवळी फळं सोडली होती. या दिवशी त्या पाण्यात बसलं की हिवाळा सुखाचा जातो, म्हणून. टब एकच, पाणी एकच. आधी घरातला मोठा, मग बाकीचे. मिओरीची पाळी नेहमी सगळ्यांत शेवटी, पाणी पार निवल्यावर. पण त्या दिवशी वाफेतून आलेला वास तिला लागला आणि ती आपले मोजे ओढून काढायला लागली.

"येऊ दे की तिला," वडील टबातूनच म्हणाले.

"बाबा, पाणी फार गरम आहे. थोडं गार सोडू का?"

"वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी मी गार पाण्यात बसू? या वयात?"

"मग ती नंतर बसेल."

"तीन महिने फिट नाही म्हणालास ना? नवीन औषध म्हणे जादूचं. पोरगी बरी झाली म्हणून गावभर सांगतोस आणि टबाला घाबरतोस. तुझ्या औषधावर तुझाच विश्वास दिसत नाही."

म्हातारा चिडून बोलला असता तर तेत्सुरो अडून बसला असता. पण तो हसत बोलत होता, हात पुढे करून. आणि खरं तर नातीला एकदा तरी टबात मांडीवर घ्यावं अशी त्याची इच्छा तिच्या जन्मापासून राहून गेली होती. मिओरी "फूल, फूल" म्हणत फळांकडे बोट दाखवत होती. तेत्सुरोने तिला उचललं आणि वडिलांच्या हातांत दिलं. उचलताना त्याला वाटलं होतं, कदाचित खरंच बरी झाली असेल.

फिट आली, आणि लांबली. गालात सोडायच्या औषधाने थांबली नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत तेत्सुरोने तिचं अंग पुसलं, केस पुसले, कपडे चढवले, मोजे घातले. तिला गारठा लागू नये म्हणून, असं तो स्वतःला सांगत होता. रुग्णवाहिकेतल्या माणसाने विचारलं, "केस ओले आहेत?"

"घाम," तेत्सुरो म्हणाला. "टीव्ही बघत बसली होती. एकदम आली."

तेच त्याने दवाखान्यात सांगितलं, तेच कानाएला, तेच सेन्सेईंना. म्हाताऱ्याला कोणी विचारलं नाही. मिओरी शुद्धीवर आली तेव्हा तिचे पाय लटपटत होते, आणि तिचे बरेचसे शब्द अजून परतले नव्हते.

आता सेन्सेई माईक न घेताच बोलत होते. त्यांचा आवाज मुळातच बारीक, त्यामुळे सगळे पुढे झुकून ऐकत होते.

"नव्या औषधाच्या चाचणीतल्या एका मुलीला डिसेंबरात फार लांब फिट आली. आईवडिलांच्या परवानगीने सांगतो, मिओरी-चानला. ताप नव्हता, गरम पाणी नव्हतं, काहीच कारण सापडलं नाही. विनाकारण इतकी लांब फिट आली म्हणजे औषधावर संशय घ्यावाच लागतो. तिचं औषध आपण कमी करत आणलंय. पुढच्या आठवड्यात पूर्ण बंद होईल. आणि ज्यांचं सुरू व्हायचं होतं त्यांनाही थांबावं लागेल."

"म्हणजे सोसुकेचं," निनोमिया-सान म्हणाल्या.

"हो. माफ करा."

"किती दिवस?"

"समिती ठरवेल. कदाचित सुरू होणारही नाही."

निनोमिया-सानांनी पर्समधून रुमाल काढला आणि परत आत ठेवला. सोसुकेला रोज फिट येत होत्या.

तेत्सुरो समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होता. बाजूला काहीतरी हललं. कानाए उभी राहिली होती.

"मला सगळ्यांची माफी मागायची आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी मला ड्यूटीची घाई होती. मिओरीचं औषध मी तासभर उशिरा दिलं. मी हे आधी सांगायला हवं होतं. माझ्यामुळे सोसुके-कुनचं..." ती कमरेतून वाकली आणि तशीच वाकून राहिली.

"मोरिवाकी-सान, तासाभराने असं होत नाही," सेन्सेई म्हणाले.

"पण दुसरं कारणच नाही ना, सेन्सेई. दुसरं कारण असतं तर यांनी सांगितलं असतं."

"अहो, उठा," निनोमिया-सान म्हणाल्या. "मी तर अख्खा डोस विसरलेय. बसा खाली."

कानाए उठेना. तिची मान केसांखाली गोरी दिसत होती. तेत्सुरोला ती मान दिसत होती आणि इतर सगळ्यांनाही दिसत होती. आपण कधी उभे राहिलो ते त्याला कळलं नाही.

"तिला टबात घातलं होतं," तो म्हणाला.

"काय?" सेन्सेईंना ऐकू गेलं नव्हतं.

"माझ्या वडिलांच्या घरी. गरम पाण्यात. मीच घातलं. टीव्ही वगैरे काही नव्हतं. उशिराच्या डोसाने काही झालेलं नाही."

कानाए हळूहळू सरळ झाली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. मागे एका मुलाने ठोकळे पाडले आणि कॉलेजची मुलगी त्याला हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

सेन्सेई रागावले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं. "पाणी किती गरम होतं?"

"मी... पाहिलं नाही."

"फिट पाण्यात आली की बाहेर काढल्यावर?"

"पाण्यात."

"बरं." त्यांनी लिहून घेतलं. "मग ही फिट विनाकारण म्हणता येणार नाही. मी आजच समितीला कळवतो. मिओरी-चानचं औषध परत वाढवता येईल. बाकीच्या मुलांचंही विचारता येईल."

"सोसुकेचं?"

"सोसुकेचंही."

निनोमिया-सान वळल्या. आता त्या आपल्याला बोलणार, असं तेत्सुरोला वाटलं, आणि त्यांनी बोलावं असंही वाटलं. पण त्या उठल्या, त्याच्यासमोर वाकल्या आणि म्हणाल्या, "सांगितलंत. फार आभारी आहे." त्यांचे डोळे भरले होते. दुसऱ्या एका वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अंघोळवाले, असं कोणी म्हणालं नाही. ते नाव आता इथे कोणी घेणार नाही हे त्याला तेव्हाच कळलं.

बैठक संपल्यावर कानाएने मिओरीला कडेवर घेतलं आणि ती बूट ठेवायच्या फळ्यांपाशी गेली. तेत्सुरो मागोमाग गेला. मिओरीला बूट घालायला तो वाकला, तर कानाएने तिचा पाय बाजूला घेतला आणि स्वतः घातले.

"मी रोज तुला विचारत होते," ती म्हणाली. "माझ्यामुळे झालं का, म्हणून. रोज."

"मी म्हणत होतो ना, तुझी चूक नाही."

"हो. मला वाटायचं, किती चांगला आहे. माझी चूक दिसत असूनही पोटात घालतोय." तिने मिओरीच्या बुटाची पट्टी लावली, निघाली म्हणून पुन्हा लावली. "आईला फोन करून तेच सांगितलं मी. तू किती समजूतदार आहेस ते."

तेत्सुरोने आपले बूट पायात चढवले.

"तुझ्या बाबांच्या टबाजवळ भिंतीवर पाण्याच्या तापमानाचा आकडा दिसतो," ती म्हणाली. "दारातून आत गेलं की आधी तोच दिसतो."

"हो."

"किती होता?"

तेत्सुरोने दाराबाहेर पाहिलं. पार्किंगमध्ये बर्फाचे ढीग काळे पडले होते.

"त्रेचाळीस."

"पाहिला होतास."

"पाहिला होता."

"आणि आत्ता सेन्सेईंना नाही म्हणालास."

"इतक्या लोकांसमोर, कानाए—"

"माझं सगळ्यांसमोरच झालं." तिने मिओरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "ते आजच कळवणार आहेत. आकडा लागेल त्यांना. जा."

"तुम्ही गाडीत बसता?"

"आम्ही बसने जाऊ."

त्याने बूट पुन्हा काढले आणि तो आत गेला. सेन्सेई आणि निनोमिया-सान खुर्च्या एकावर एक रचत होते. त्याला पाहून सेन्सेईंनी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"पाणी त्रेचाळीस होतं," तेत्सुरो म्हणाला. "मघाशी खोटं सांगितलं. पाण्यात दोनेक मिनिटं होती, गळ्यापर्यंत."

सेन्सेईंनी पेन काढलं. आकडा लिहून झाल्यावर त्यांचं पेन तिथेच थांबलं. ते जरा अवघडले, आणि इतक्या वर्षांत कधी विचारला नव्हता तो प्रश्न त्यांनी त्याला शक्य तितक्या सौम्यपणे विचारला.

"नक्की?"